सिनेमा पाहून घरी आल्यावर

मैत्रिणींनो, सिनेमा पाहून आलेल्या कुठल्याही बाईला "कसा होता गं?" म्हणून विचारून पाहा. ती "छान होता" म्हणते, नाहीतर "काही खास नाही" म्हणते, पर्स खुंटीला अडकवते आणि स्वयंपाकघरात शिरते. तीन तास डोळे पुसत नाहीतर हसत जे पाहिलं, त्याचा निकाल दोन शब्दांत लावून आपण मोकळ्या होतो. पुरुषमंडळी मात्र क्रिकेटच्या सुटलेल्या एका झेलावर तासभर वाद घालतात आणि वर आपल्यालाच बडबड्या म्हणतात!

म्हणून म्हटलं, या खेपेला आपणही जरा बसून बोलू या. गेल्या तीन-चार वर्षांत मी जे सिनेमे पाहिले, त्यातले काही अजून डोक्यातून जात नाहीत. मी काही समीक्षक नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झाले, सकाळच्या सत्रात आठवी-नववीला अर्धवेळ शिकवते आणि उरलेला वेळ घर, दोन मुलं, आमचे हे आणि सासूबाई यांचा. कॅमेरा कुठे ठेवला नि उजेड कुठून पाडला, यातलं मला काही कळत नाही. पण सिनेमातल्या बाईनं बोलता बोलता कुकरखालचा गॅस बारीक केला की नाही, ते मला बरोबर दिसतं. तुम्हालाही दिसत असणारच.

अकराजणींची सहल

आमच्या भिशीत आम्ही अकराजणी. २०२३ च्या जूनअखेर केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला आणि जो तो त्याचंच बोलू लागला. जुलैच्या भिशीत ठरलं, आपण सगळ्यांनी मिळून जायचं. आमच्या गावातली दोन्ही जुनी थिएटरं कधीच बंद पडली, एकाच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तेव्हा जिल्ह्याच्या गावी जाणं आलं. एस.टी.नं पाऊण तास. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून निदान प्रवासखर्चावर कुणाच्या घरी चर्चा झाली नाही.

रविवारचा दुपारचा खेळ. मी पहाटे पाचला उठले. पोळ्या करून डब्यात घातल्या, दोन भाज्या केल्या, आमटीला फोडणी दिली, भात कुकरला लावून "दोन शिट्ट्या झाल्या की बंद करा" असं तिघांना वेगवेगळं सांगितलं. रात्रीची कणीक तिंबून फ्रीजमध्ये ठेवली, दूध तापवलं, सासूबाईंच्या दुपारच्या गोळ्या वाटीत काढल्या, धाकटीचा गृहपाठ उरकून घेतला, सिलिंडरवाला आलाच तर म्हणून पैसे काढून ठेवले. हे घरीच होते, हे वेगळं सांगायला नको. रविवारच होता ना!

बसमध्ये बसल्यावर सगळ्यांनी एकमेकींना आपापली यादी सांगितली. अकराजणींची यादी एकच. एकीनं तर संध्याकाळचं कुणी काही करणार नाही म्हणून साबुदाणासुद्धा भिजवून ठेवला होता. मी म्हटलं, "आमचे हे मित्रांबरोबर सिनेमाला जातात ना, तेव्हा फक्त चप्पल घालतात." सगळ्या बसमध्ये हशा पिकला. कंडक्टरही हसला. हसता हसता मला मात्र वाटून गेलं, यात हसण्यासारखं नेमकं काय आहे?

सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. सहा बहिणी, प्रत्येकीच्या घरी काही ना काही सल, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्तानं त्या एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. मला काय आवडलं सांगू? बहिणीबहिणींमधला अबोला. तो अगदी खरा आहे. मोठी गोष्ट झालेली नसते, कधीतरी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं, आणि वर्षानुवर्षं राखी पोस्टानं जावी तशी माया लांबूनच पोचती होत असते. आपल्या माहेरी असलं काही नाही, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? मंगळागौर म्हणजे खरं तर नव्या नवरीचं व्रत, लग्नानंतरची पहिली काही वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पुजायचं आणि रात्र जागवायची. तिथं गुडघे धरून उठणाऱ्या बायका फुगडी घालताना पाहिल्या आणि मजा वाटली. मध्यंतरात आमच्यातल्या दोघींनी थिएटरच्या जिन्यापाशी खरीच फुगडी घातली!

काय पटलं नाही? शेवट. साऱ्या गाठी भराभर सुटतात. आयुष्यभराचं दुखणं एका नाचानं बरं होत असतं तर डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी झिम्माच लिहून दिला असता. पण खरं सांगते, त्या दुपारी हे मनात आलं नाही. ते आलं घरी पोचल्यावर. सिंकमध्ये दुपारची भांडी तशीच होती, आणि हे पेपरमधून मान वर करून हसून म्हणाले, "मजा केलीत ना? चहा टाकतेस?" मी टाकला. गाणं गुणगुणतच टाकला. पडद्यावर सहा बहिणींच्या घरात जे बदललं, ते आमच्या घरात चहाच्या भांड्यापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं.

त्याआधी, २०२१ च्या नोव्हेंबरात, हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' आला होता, तो मी नंतर घरी पाहिला. सातजणी इंग्लंडच्या सहलीला जातात एवढीच गोष्ट. निर्मिती सावंत त्यात धमाल करतात. करोनात दोन वर्षं घरात कोंडून पडलेल्या बायकांना तो मोकळा वारा वाटला, त्यात नवल नाही. मला तो 'बाईपण'पेक्षा हलका वाटला आणि म्हणूनच थोडा जास्त आवडला. तो काही सोडवायला जात नाही. बायका फिरतात, भांडतात, पोट धरून हसतात, परत येतात. कधी कधी तेवढंही पुरतं.

भाषा न कळणारा सिनेमा

आता ज्या सिनेमानं आमच्या घरात खरी खळबळ केली, त्याचं सांगते. तो मल्याळम आहे. जिओ बेबी यांचा 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१ सालचा. मी तो २०२२ च्या उन्हाळ्यात, सुट्टीत पाहिला. टीव्हीवर इंटरनेटवरून लावला होता, खाली इंग्रजी अक्षरं येत होती. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हाला कळायचं नाही. मराठी काहीतरी लावू का?" त्या म्हणाल्या, "असू दे गं. बघत्येय कुठं मी?"

नवी सून घरात येते. सकाळी उठते, चिरते, वाटते, परतते, वाढते, पुसते, घासते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासऱ्यांना चटणी मिक्सरमधली चालत नाही, भात कुकरमधला चालत नाही, कपडे मशिनमध्ये धुतलेले चालत नाहीत. आणि हे सगळं ते इतक्या गोड आवाजात सांगतात, की भांडायला जागाच राहत नाही! पुरुष जेवताना चघळलेल्या शेंगांचा चोथा ताटाबाहेर टेबलावर टाकतात आणि नंतर त्याच टेबलावर सासू-सुना जेवायला बसतात. सिंक तुंबलेलं असतं, खालून घाण पाणी गळत असतं, ती नवऱ्याला रोज प्लंबर बोलवायला सांगते, तो रोज विसरतो. पाळी आली की तिला बाजूला बसवतात, आणि तेवढे दिवस स्वयंपाकघरातून तिची सुटका होते, पण ती कशी सुटका म्हणायची!

सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. विळीचा, फोडणीचा, खराट्याचा, नळाचा आवाज. भाषा कळायला लागतेच कुठे? अर्ध्या तासानं पाहिलं तर सासूबाईंचा लसूण तसाच मांडीवर होता.

त्यात एक प्रसंग आहे. सासू सकाळी सासऱ्यांच्या हातात टूथब्रश नेऊन देते. ते बाहेर निघाले की चपला आणून पायाशी ठेवते. तिथं सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "चाळीस वर्षं मी चपला काढून ठेवल्या," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नव्हतं. पण नको असंही कुणी म्हटलं नाही."

मामंजींना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी काय बोलणार? आपल्या बाजूनं बोलावं म्हणून मी म्हटलं, "आई, केवढं केलंत तुम्ही! कुणी म्हणजे कुणी कदर केली नाही." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तसं नाही गं. आता काढून ठेवायला कुणी नाही, तरी सकाळी सहाला हात तिकडंच जातो."

मैत्रिणींनो, या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. सिनेमा बरोबर आहे, हे मला पटतं. एका माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चपला उचलाव्यात, हे बरोबर नाही. पण त्या चपलांत सासूबाईंचं आयुष्य गेलं, त्यात थोडी माया होती, थोडी सवय होती, थोडा धाक होता, आणि आता ते वेगळं निवडून काढता येत नाही. डाळ-तांदूळ एकत्र सांडले तर निवडता येतात, पण खिचडी शिजल्यावर कसे निवडणार? सिनेमाच्या शेवटी ती सून घाण पाण्याची बादली नवऱ्यावर नि सासऱ्यावर ओतते आणि निघून जाते. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आणि त्या सासूचं काय? तिला कुणी विचारलं का?"

मला हे सुचलंच नव्हतं. सासऱ्यांच्या तोंडी एक वाक्य आहे, की आमची बायको एवढी शिकलेली, तरी घरात राहिली, म्हणून मुलांचं भलं झालं. ते ऐकताना मी सुनेकडेच बघत होते. सासूबाई सासूकडे बघत होत्या. एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोघींनी दोन सिनेमे पाहिले!

असं कुणाच्या घरी असतं?

याच गोष्टीवरून आरती कडव यांनी हिंदीत 'मिसेस' काढला. तो २०२५ च्या फेब्रुवारीत आला, सान्या मल्होत्रा त्यात आहे. इथं फुलके एकेक गरम वाढायचे, चटणी पाट्यावरच वाटायची. मूळ सिनेमाची धार मला त्यात थोडी कमी वाटली. घर जास्त चकचकीत, बाई जास्त देखणी, तिची नाचाची आवड जास्त ठळक. मूळ सिनेमात ती साधी बाई आहे, म्हणून ती मला जवळची. पण हिंदी असल्यामुळे एक फायदा झाला, आमचे हे पाहायला बसले.

शेवटपर्यंत बसले, हे कबूल करायला हवं. मोबाईलसुद्धा दोनदाच पाहिला. संपल्यावर म्हणाले, "चांगला आहे, पण जरा अतीच दाखवलंय. असं कुणाच्या घरी असतं?"

सासूबाई कोपऱ्यात मूग निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्याच वडिलांच्या घरी होतं."

घरात अशी शांतता पसरली, की पंख्याचा आवाज ऐकू यावा. हे उठून पाणी प्यायला गेले. स्वतः गेले, हे लक्षात ठेवा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या गडबडीत होते. बाथरूमच्या दारातून आवाज आला, "अगं, माझा टॉ..." आणि थांबला. पुढचं अक्षर आलंच नाही. पाच मिनिटांनी पाहिलं तर ह्यांनी कपाटातून टॉवेल शोधून घेतला होता. पाहुण्यांसाठी ठेवलेला नवा कोरा काढला होता, आणि ओला करून पलंगावर टाकला होता, ही गोष्ट वेगळी. मी काही बोलले नाही. पहिला दिवस होता.

हे सगळं आजचं आहे असं मात्र समजू नका. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' १९३७ चा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी हे लग्न मानायला साफ नकार देते. शांता आपटे त्यात अशा ताठ उभ्या राहतात, की ८५ वर्षांनंतरही पाहणारी सावरून बसते. आणि गंमत म्हणजे त्यातही पार्श्वसंगीत नाही, घड्याळाचे टोले नि घरातलेच आवाज आहेत. मल्याळम सिनेमा पाहताना मला तो सारखा आठवत होता.

आणि १९८२ चा जब्बार पटेलांचा 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. स्मिता पाटील लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहात नोकरीला जाते. हा आम्ही भिशीत एकीच्या घरी लावला, आणि चहा गार होईपर्यंत भांडलो. अर्ध्याजणी म्हणाल्या, नोकरी करावी, पण लेकराला सोडून? अर्ध्याजणी म्हणाल्या, बाप बदलीवर गेला तर त्याला कुणी विचारतं का, लेकराला सोडून कसा गेलास? मी कुठल्या बाजूला होते? खरं सांगू, पहिल्या अर्ध्या तासात एका बाजूला नि नंतर दुसऱ्या बाजूला. माझी स्वतःची नोकरी अर्धवेळ आहे ती काही शाळेनं दिली म्हणून नव्हे. पूर्णवेळ मिळत होती तेव्हा धाकटी सहा महिन्यांची होती. मला कुणी अडवलं नाही. पण "घे" असंही कुणी म्हटलं नाही. सासूबाईंच्या चपलांचं वाक्य मला एवढं का लागलं, ते तेव्हा कळलं.

दिव्याखाली अंधार

इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. प्रत्येक सिनेमात सोसणारी बाई म्हणजे मी, आणि चुकणारे म्हणजे बाकीचे. असे सिनेमे पाहताना रडू येतं, पण ते सुखाचं रडू असतं. आपलीच पाठ आपण थोपटत असतो. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी 'नाच गं घुमा' लावला.

परेश मोकाशी यांचा हा सिनेमा १ मे २०२४ ला, म्हणजे कामगारदिनालाच लागला होता. नोकरी करणारी बाई मुक्ता बर्वे, आणि तिच्या घरी कामाला येणारी नम्रता संभेराव. बाईंची सगळी धावपळ कामवालीच्या वेळेवर येण्यावर उभी. ती उशिरा येते, खाडे करते, बाई चिडून तिला काढून टाकते आणि मग घराची जी त्रेधातिरपीट उडते ती पाहून पोट दुखेस्तोवर हसू येतं. नम्रता संभेरावांचं काम मला फारच आवडलं. आरडाओरडा थोडा कमी असता आणि शेवटी शेवटी उपदेश आवरला असता तर आणखी बरं झालं असतं.

मी हसत होते. आमच्या मावशी केर काढत होत्या. आमच्याकडे त्या नऊ वर्षं आहेत. त्यांचा झाडू थांबला. दाराच्या चौकटीला टेकून त्या बघत उभ्या राहिल्या, मीही "बसा ना मावशी" म्हटलं, त्या बसल्या नाहीत. थोड्या वेळानं अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ताई, हिच्या पण खाड्याचे पैसे कापतात का हो?"

आता तुम्हाला सांगायलाच हवं. ऑगस्टमध्ये मावशींच्या मुलीचं बाळंतपण होतं. त्या दोन दिवस आल्या नाहीत, निरोपही दुसऱ्या दिवशी आला. घरी पाहुणे होते, भांड्यांचा ढीग पडला, माझी चिडचिड झाली. आमच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो तिथंच मी मावशींचेही खाडे लिहिते. महिनाअखेर मी दोन दिवसांचे दीडशे रुपये कापून घेतले. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. 'बाईपण भारी देवा'च्या तिकिटाला मी त्याहून जास्त पैसे मोजले होते.

दुधाचे खाडे आणि माणसाचे खाडे मी एकाच चौकोनात लिहीत होते! सासऱ्यांना चटणी पाट्यावरची लागते म्हणून त्या मल्याळम म्हाताऱ्याला मी काय काय बोलले होते, आणि मावशींच्या कपाचा कान तुटका आहे, हे नऊ वर्षांत माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. ह्यांना सुट्टी असते, मुलांना असते, मला शाळेतून किरकोळ रजा मिळते, आणि मावशींना? रविवारी त्या सकाळी येऊन गेल्या, म्हणून तर आम्ही अकराजणी दुपारी बाईपणाचा जयजयकार करायला मोकळ्या झालो.

मावशींना मी काय उत्तर दिलं? त्या क्षणी काहीच नाही. "बघू या, पुढं कळेल" असं काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी दीडशे रुपये पाकिटात घालून दिले. त्यांनी विचारलं, "हे कशाचे?" मी म्हटलं, "ऑगस्टचे राहिले होते." त्यांनी पाकीट कमरेला खोचलं आणि भांड्यांकडे गेल्या. आभार नाहीत, काही नाही. कशाला मानतील? त्यांचेच होते.

तेव्हापासून आमच्याकडे महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी, असं ठरवलं. दोन मैत्रिणी माझ्यावर नाराज आहेत. "तू तुझ्याकडचं बिघडवलंस, आता आमच्याकडच्याही मागतील," म्हणाल्या. मागू देत की! आम्हीच ना त्या दुपारी थिएटरात सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो?

सिनेमाला जाताना, आणि आल्यावर

या अंकात पाककृती आहेत, भरतकाम आहे, तेव्हा सिनेमाच्या या गप्पांतही चार उपयोगाच्या गोष्टी असाव्यात.

पहिली, सिनेमाला जाताना सगळं करून जाऊ नका. एक तरी काम मुद्दाम ठेवून जा. मी हल्ली पोळ्या करते, पण भात ठेवत नाही. मागच्या खेपेला आमच्या ह्यांनी आणि सातवीतल्या लेकानं मिळून भात लावला. तळाला लागला. खाल्ला गेला. कुणी उपाशी राहिलं नाही.

दुसरी, घरी पाहायचा सिनेमा एकटीनं रात्री उशिरा पाहू नका. ज्याच्याविषयी तो आहे असं तुम्हाला वाटतं, त्याला शेजारी बसवा. भाषण मात्र देऊ नका. सिनेमा त्याचं काम करतो, आणि उरलेलं मूग निवडणारं कुणीतरी करतं.

तिसरी, "छान होता" म्हणून थांबू नका. एकमेकींना विचारा, तुला कोण आपल्यासारखं वाटलं? आम्ही भिशीत हा प्रश्न आता नेहमी विचारतो. उत्तरं ऐकून वीस वर्षांच्या मैत्रिणी नव्यानं कळतात.

चौथी सगळ्यांत अवघड. त्याच सिनेमात आपण आणखी कुणासारख्या आहोत, तेही एकदा बघा. सुनेच्या जागी बसून झालं की सासूच्या जागी बसा. मालकिणीच्या जागी तर मुद्दाम बसा.

आमच्या घरात फार मोठी क्रांती झाली, असं मी म्हणणार नाही. टॉवेल आठवड्यातून तीनदा तरी सापडतो. ओला पलंगावरच पडतो. चहा अजून मीच टाकते. सासूबाई सहाला उठून दाराशी जातात आणि परत येतात. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करते आणि त्यांच्या हातात त्यांचा चहा देते. आधी त्यांचा, मग ह्यांचा. एवढाच बदल.

पुढच्या महिन्याची भिशी माझ्याकडे आहे. मावशींना म्हटलं, "त्या दिवशी काम नका करू. आमच्याबरोबर बसून सिनेमा बघा." त्या म्हणाल्या, "बघीन की. पण हसायचा लावा हो ताई. रडायचं घरी हाय."

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही अलीकडं कुठला हसायचा सिनेमा पाहिलात, ते मला जरूर कळवा. आणि पाहून घरी आल्यावर काय झालं, तेही!